ग्राइंडरचं चाक लावताना आणि चालवताना काय काय बघायचं

ग्राइंडरवर कधी जपायचं असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात ठिणग्या उडत असतात तेव्हा. तेव्हा जपायचंच, पण खरं काम त्याच्या आधी असतं, स्विच दाबायच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत. चाक फुटतं फिरताना, पण बिघडलेलं असतं ते बहुतेक वेळा आधीच, कोणाच्या तरी हातातून पडलेलं, ओलं राहिलेलं, नट नको तेवढा पिळलेला, नाहीतर भलत्याच मशीनवर चढवलेलं. गोव्यात कुंडई, वेर्णा, पिसुर्ले कुठल्याही औद्योगिक इस्टेटीत जा नाहीतर रस्त्याकडेचं ग्रील-गेटचं दुकान बघा, पेडेस्टल ग्राइंडर (स्टँडवर बसवलेला) आणि हँड ग्राइंडर (हातात धरायचा) असतातच, आणि नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तोच देतात.

पहिलं बघायचं ते आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. चाकावर जास्तीत जास्त किती आरपीएम ते छापलेलं असतं आणि मशीनच्या प्लेटवर मशीनचा असतो, चाकाचा आकडा मशीनच्या आकड्याएवढा किंवा जास्तच पाहिजे, बस. ४ इंची हँड ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमला फिरतो आणि त्याच्या डिस्कवर १५,००० च्या वर काहीतरी छापलेलं असतं, म्हणून ती जोडी जमते. आता कोणीतरी हुशारी करून गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढतो आणि त्यालाच ७ इंची डिस्क लावतो, म्हणे एका फेरीत जास्त कापतं. त्या डिस्कची मर्यादा ८,५०० च्या आसपास. ११,००० वर तिची कड सेकंदाला १०० मीटरच्या वर पळते, आणि ती बनवलेली असते ८० मीटरसाठी. ८० म्हणजे सुद्धा ताशी २८८ किलोमीटर, त्या स्पीडला तुकडा सुटला तर बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. लाकूड कापायचं दातेरी ब्लेड हँड ग्राइंडरला लावणारे पण आहेत, ते अडकलं की मशीन सरळ अंगावर येतं, ते कधीच नाही लावायचं.

पेडेस्टलचं चाक हळू फिरतं, २,८५० आरपीएमच्या आसपास, ८ इंची चाक असेल तर कड ताशी १०८ किलोमीटर. पण ते भट्टीत भाजलेलं असतं, दिसतं दगडासारखं आणि तडकतं चिनीमातीच्या बशीसारखं. म्हणून नवीन चाक असो की कपाटातलं जुनं, लावायच्या आधी वाजवून बघायचं. चाक कोरडं करून पुसून घ्या, मधल्या भोकात बोट घालून लटकवा, जड असेल तर स्वच्छ टणक फरशीवर उभं धरा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने, म्हणजे प्लॅस्टिक किंवा लाकडाच्या बाजूने, लोखंडाने नाही, हलकेच टकटक करा. कुठे? वरून मधोमध एक उभी रेघ धरा, तिच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशावर, कडेपासून एक-दोन इंच आत. मग चाक ४५ अंश फिरवा आणि परत वाजवा. चांगलं चाक खणखणीत वाजतं, चीर गेलेलं भद्द वाजतं. आता आपल्याकडची गोष्ट म्हणजे पावसाळ्यात दमट चाकसुद्धा भद्द वाजतं, तेव्हा आधी ते सुकू द्या, मग परत वाजवा, आणि तरी शंका असेल तर लावूच नका. हँड ग्राइंडरच्या जाळीवाल्या डिस्कला ही परीक्षा लागू पडत नाही, ती रेझिनची असते, तशी वाजतच नाही. तिला नजरेने बघायचं, कड उडालीय का, थर सुटलाय का, वाकलीय का, आणि मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं ती एक्स्पायरी. हो, डिस्कला एक्स्पायरी असते, बनवल्यापासून ३ वर्षं. ओल लागली की रेझिन कमजोर होतं म्हणून गोव्यात हे जास्तच बघावं लागतं, जून ते सप्टेंबर डिस्कचं पाकीट खाली लादीवर किंवा पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, वरच्या कप्प्यात, सपाट, कोरड्या डब्यात ठेवा.

चढवताना चाक स्पिंडलवर, म्हणजे ते बसतं त्या फिरत्या दांड्यावर, अलगद सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर ठोकायचं नाही, भोक तासायचं नाही. दोन्ही बाजूंचे फ्लँज, म्हणजे चाक धरणाऱ्या चकत्या, सारख्या मापाचे, चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश एवढे, आणि चाकाला चिकटलेले कागदी वॉशर काढून टाकू नका, ते लेबल चिकटवायला नसतात, दाब सारखा पसरावा म्हणून असतात. नट चाक घट्ट धरेल एवढाच आवळा, पान्याला पाइप लावून पिळलात तर चाक तिथेच तडकेल आणि तुम्हाला कळणारही नाही. समोर उभं राहिल्यावर डाव्या बाजूच्या स्पिंडलचे आटे उलटे असतात, नवीन पोरं तिथे सोडवायच्या नादात आवळत बसतात.

मग वर्करेस्ट, म्हणजे काम टेकवायचा आधार. चाक आणि रेस्ट यांच्यात फट ३ मिमीपेक्षा जास्त नको, आणि गार्डच्या वरच्या पट्टीची चाकापासून फट ६ मिमीपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी फट वाढत जाते आणि कोणी सेट करत नाही, मग एक दिवस बारका तुकडा, ड्रिल बिट नाहीतर बोटच आत ओढलं जातं. मशीन बंद करूनच सेट करायचं, फिरताना नाही. हे सगळं झालं की चाकाच्या समोरून बाजूला व्हा, इतरांनाही व्हायला सांगा, आणि एक मिनिट नुसतं फिरू द्या. थरथर आली तर बंद.

काम करताना समोरच्या कडेवरच घासा, सरळ चाकाची बाजू घासायला नसते. आमच्याकडे शेजारचे येतातच, ‘पात्रांव, कोयत्याक मातशी धार काडून दी रे’, आणि कोयत्याचं पातं सपाट करायला चाकाच्या बाजूवर दाबून धरतात, तेच नको. त्यापेक्षा धार आपणच काढून द्या, त्याला मशीनला हात लावू देऊ नका. ॲल्युमिनियम, पितळ साध्या चाकावर घासू नका, मऊ धातू चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक कापेनासं होतं, माणूस आणखी दाबतो, चाक तापतं. शिवाय ॲल्युमिनियमची आणि लोखंडाची धूळ एकत्र साठली तर ठिणगीने भडकते. चाक चकचकीत झालं असेल तर ड्रेसरने (चाकाचा वरचा थर खरवडायच्या हत्याराने) साफ करा, दाब वाढवू नका. कूलंटवाल्या (चाक थंड ठेवायला पाणी सोडणाऱ्या) मशीनवर काम झालं की आधी पाणी बंद करा आणि चाक थोडा वेळ तसंच फिरू द्या, नाहीतर पाणी खालच्या भागात साठतं आणि सकाळी चाक एका बाजूला जड.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. पेडेस्टलवर सुती हातमोजे नको, लांब बाही, गळ्यातली साखळी, आयकार्डची दोरी काहीच लोंबकळत नको. डोळ्याला गॉगल आणि त्याच्यावर फेसशील्ड, नुसतं शील्ड पुरत नाही, खालून कण आत जातात. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की झेंडूचा हार काढल्याशिवाय चालू करू नका, हे लिहायची वेळ यावी हीच गंमत, पण हार स्पिंडलला गुंडाळला जातो तेव्हा गंमत नसते. आणि चतुर्थीच्या सुट्टीत दुकान बंद राहिलं असेल तर उघडल्यावर चाक काढून परत वाजवूनच घ्या.

हँड ग्राइंडरचं आणखी एक. पावसात लाइट जाते, ग्राइंडरचा स्विच लॉक करून ठेवलेला असतो, माणूस तो टेबलावर ठेवून चहाला जातो, आणि लाइट आली की ग्राइंडर आपोआप नाचायला लागतो. लाइट गेली की पहिलं काम स्विच बंद. डिस्क बदलताना प्लगच काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मालीम, कुटबणच्या मासेमारी जेटींवर ट्रॉलरची कामं निघतात, ओल्या डेकवर ग्राइंडर चालतो, तिथे ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर काम सुरूच करू नका. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, ती नीट धुऊन, हवा खेळवून झाल्याशिवाय ठिणगी जवळ नेऊ नका, थिनरचे डबे आणि गोणपाट पण लांब करा.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ३० प्रमाणे ग्राइंडिंग मशीनजवळ बोर्ड लागायचा, चाकाचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग, स्पिंडलचा स्पीड आणि पुलीचा व्यास लिहिलेला. पणजीला आल्तिनोवरच्या फॅक्टरी खात्यातून इन्स्पेक्टर येणार म्हटलं की बोर्ड रंगवतात. त्याच्याआधी रंगवून ठेवलात तर आरपीएम कोणाला विचारावा लागणार नाही.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. दुकानात एक जाणकार असतोच जो रुमालाच्या टोकाने किंवा आगपेटीच्या काडीने कण काढून देतो, त्याला लांब ठेवा. स्वच्छ पाण्याने धुवा, नाही निघाला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा, लोखंडाचा कण राहिला की बुबुळावर गंजाचं वर्तुळ धरतो. कण जोरात आत घुसलाय असं वाटलं तर धुवायचं पण नाही, डोळ्यावर दाब न देता पेपर कप धरून पट्टी लावा आणि १०८ ला फोन करून सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात).

चीर गेलेलं किंवा पडलेलं चाक भंगारात अख्खं टाकू नका. गॉगल घालून हातोड्याने तुकडे करूनच टाका, अख्खं दिसलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी उचलून परत चढवतो.