चिनी ऐतिहासिक पिक्चरचा गल्ला खरा किती, हे कसं काढायचं

परवा चहा पिता पिता एका मित्राने विचारलं की 'द ग्रेट वॉल' हा चिनी-अमेरिकन पिक्चर 15 कोटी डॉलरमध्ये बनला, जगभरात साडेतेहतीस कोटी डॉलरचा गल्ला झाला, म्हणजे दुप्पट पैसे आले ना, मग सगळे त्याला फ्लॉप का म्हणतात. प्रश्न रास्त आहे, पण तोंडी उत्तर देऊन पटत नाही, कागद पेन घेऊनच बसावं लागतं.

सगळ्यात आधी आकडा वाचायला शिका. चिनी लोक 'वान' आणि 'यी'मध्ये मोजतात, एक वान म्हणजे 10 हजार आणि एक यी म्हणजे 10 कोटी. मिलियन-बिलियनच्या नादी लागूच नका, यी दिसलं की आकड्याला 10 ने गुणायचं आणि कोटी म्हणायचं, झालं काम. म्हणजे 'क्रिएशन ऑफ द गॉड्स' या तीन भागांच्या पौराणिक पिक्चरच्या पहिल्या भागाने 2023 मध्ये 26 यीच्या वर केले तर ते 260 कोटी युआनच्या वर. आता लगेच रुपयात किती हे बघायचा मोह होणार, आणि चूक तिथेच होते. 2025 मध्ये युआन साधारण 12 रुपयाला पडत होता, 2008 मध्ये सव्वासहाच्या आसपास होता, त्यामुळे जुन्या पिक्चरला आजचा भाव लावला की गल्ला बसल्या जागी डबल होतो. हिशोब युआनमध्येच ठेवा, डॉलर लागलाच तर त्या वर्षीचा भाव घ्या.

मग एक तिकीट हातात घ्या आणि त्याचे तुकडे करा. धरा 40 युआनचं तिकीट आहे, ॲपवरून काढलंय. त्यातले साधारण 3 युआन सर्व्हिस फी, ती निर्मात्याला दिसत पण नाही, पण 2017 पासून गल्ल्याच्या आकड्यात ती धरायला लागले त्यामुळे आकडा आपोआप फुगला. उरले 37. त्यातून 5 टक्के सरकारच्या सिनेमा फंडात, साधारण 3.3 टक्के टॅक्स, उरले 34 च्या आसपास. आता वाटणी: 57 टक्के थिएटर आणि थिएटरची साखळी मिळून नेतात, 43 टक्के निर्माता आणि वितरक यांच्याकडे येतात, म्हणजे साडेचौदा युआन. त्यातून वितरकाचं कमिशन ढोबळ 10 टक्के धरलं तर निर्मात्याच्या हातात पडले 13. चाळीसातले तेरा! म्हणूनच तिकडे गल्ला खर्चाच्या तिप्पट झाला तरच वसूल असं धरतात, हा तिप्पटचा नियम काही आकाशातून पडलेला नाही, या तिकिटातूनच आलाय.

आता हे 'रेड क्लिफ'ला लावू, कारण या प्रकारच्या पिक्चरमध्ये इतकं शिकवणारं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. दिग्दर्शक जॉन वूचा पिक्चर, चीनच्या इतिहासातल्या तीन राज्यांच्या काळातली इ.स. 208 ची लढाई, दोन भाग मिळून खर्च 8 कोटी डॉलरच्या घरात, त्या वेळी आशियातला सगळ्यात महागडा म्हणून गाजलेला. पहिला भाग जुलै 2008, दुसरा जानेवारी 2009. चीनमध्ये दोन्हींचा मिळून गल्ला 57 कोटी युआनच्या आसपास, तेव्हाच्या भावाने सव्वाआठ कोटी डॉलर. वरवर बघितलं तर वाटतं की घरच्या घरीच वसूल झालं की! पण वरचं तिकीट आठवा, निर्माता आणि वितरक मिळून 38 टक्के धरले तरी 21-22 कोटी युआन येतात, म्हणजे तीन कोटी डॉलरच्या थोडं वर. खर्च 8 चा, आले 3. पाच कोटीचा खड्डा.

मग तो भरला कुणी? जपानने. तिथे पहिल्या भागाचा गल्ला 505 कोटी येन आणि दुसऱ्याचा 555 कोटी येन, मिळून दहा-अकरा कोटी डॉलर, म्हणजे चीनपेक्षा जास्त!! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीनदा कॅल्क्युलेटर मारून बघितला. पण कारणं साधी आहेत, तीन राज्यांची गोष्ट जपानमध्ये कादंबऱ्या, मांगा (जपानी चित्रकथा), व्हिडिओ गेम यातून पोराटोराला पाठ आहे, त्यातला हुशार सल्लागार झुगे लिआंग, त्याचं काम करणारा ताकेशी कानेशिरो अर्धा जपानी आहे, आणि जपानची एवेक्स कंपनी स्वतः पैसे घालून बसली होती त्यामुळे तिने पब्लिसिटीत हात आखडता घेतला नाही. उलट अमेरिकेत काय झालं बघा, दोन भागांचे साडेचार पावणेपाच तास कापून अडीच तासांचा एकच पिक्चर केला, 2009 च्या नोव्हेंबरमध्ये मोजक्या थिएटरात लावला आणि गल्ला झाला सव्वासहा लाख डॉलर. लाख बरं का, कोटी नाही. त्यामुळे असा पिक्चर आला की पहिला प्रश्न हा विचारायचा की ही गोष्ट चीनबाहेर कुणाला माहितीये, लढाई कितीही भव्य असू दे.

परदेशातला गल्ला आला की टक्केवारी बदलते. अमेरिकेत ढोबळ अर्धे परत येतात, बाकी देशांत 40 टक्के धरून चाला. आणि बाहेरचा पिक्चर चीनमध्ये वाटणीवर लागला तर त्याला 25 टक्केच मिळतात, 2012 च्या आधी तर 13 होते. म्हणून हॉलिवूडवाले चिनी कंपनीबरोबर भागीदारीत पिक्चर काढायला धडपडायचे, कारण तसा दर्जा मिळाला की पिक्चर घरचा धरतात आणि घरचा वाटा मिळतो.

'द ग्रेट वॉल' तसाच भागीदारीतला, आता मित्राचा हिशोब लावा. चीन 17 कोटी डॉलर, त्याचे 38 टक्के साडेसहा कोटी. अमेरिका साडेचार कोटी, त्याचे अर्धे सव्वादोन. उरलेलं जग 12 कोटी, त्याचे 40 टक्के पावणेपाच. एकूण साडेतेरा कोटी. खर्च 15, आणि वर जगभराच्या पब्लिसिटीचे 8 कोटी तरी होते असं तेव्हा छापून आलं होतं, म्हणजे 23. साडेनऊ कोटीचा तोटा, त्यातून टीव्ही आणि डिजिटलचे जे काय आले ते वजा करा. तेव्हा बातम्यांत साडेसात कोटीच्या तोट्याचा अंदाज आला होता, म्हणजे आपलं कागदावरचं गणित फार लांब नव्हतं.

खर्चाचा आकडा सांगतात त्यात पब्लिसिटी आहे की नाही हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका, बहुतेक वेळा नसते. आणि राजवाडे बघून डोळे दिपले की लगेच सेटचा खर्च धरू नका, झेजियांग प्रांतातल्या हंगदियान स्टुडिओत अख्खे राजवाडे उभे आहेत आणि 2000 साली त्यांनी शूटिंगला जागेचं भाडंच माफ केलं होतं, ते हॉटेल, कपडेपट, सामान आणि पर्यटकांवर कमवायचे. 'रेड क्लिफ'मध्ये तर चिनी लष्कराचे जवान एक्स्ट्रा म्हणून उभे होते. खरा पैसा नटांवर जायचा, इतका की 2018 मध्ये नियम काढावा लागला, सगळ्या नटांचं मानधन मिळून निर्मितीखर्चाच्या 40 टक्क्यांच्या वर नको.

दोन-तीन भाग एकदम शूट केले असतील तर आणखी सावध. 'क्रिएशन ऑफ द गॉड्स'चे तिन्ही भाग 2018 पासून सलग शूट झाले, तिन्हींचा मिळून खर्च 300 कोटी युआन सांगतात. पहिल्या भागाच्या 260 कोटीतून हातात आले शंभरेक, म्हणजे एका भागापुरतं जेमतेम सुटलं. दुसरा भाग 2025 च्या चिनी नववर्षाला लागला आणि 120 कोटीच्या आसपास थांबला, त्यातले हातात पंचेचाळीसेक. तिसऱ्याचे पैसे तर आधीच खर्च झालेले.

एक शेवटचं, पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यावर लगेच नाचू नका. 2016 मध्ये एका मार्शल आर्ट्स पिक्चरच्या वितरकाने 5.6 कोटी युआनची तिकिटं स्वतःच विकत घेतलेली पकडली गेली, वर हजारो शो कागदावरच होते. मी दुसऱ्या सोमवारचा आकडा बघतो.