माळरानावर गोल्फचे मैदान कसे आखावे

बालाघाटच्या उतारावरची आमची 14 एकर बरड जमीन बरीच वर्षे पडीक होती. तिथे ज्वारी कधी गुडघ्याच्या वर गेली नाही, दोन वितींवर मुरूम लागतो आणि पावसाळा सरला की कुसळी गवताशिवाय काही उरत नाही. अशा जमिनीवर सहा होलचे लहान मैदान आखताना जे शिकायला मिळाले, ते मराठवाड्यात असा विचार करणाऱ्यांसाठी येथे मांडत आहे. होल हा शब्द गोल्फमध्ये दोन अर्थांनी येतो. चेंडू ज्यात पडतो तो खड्डा म्हणजे होल, आणि टी या आरंभस्थानापासून त्या खड्ड्यापर्यंतची सगळी वाटही होलच.

हा खेळ मुळात पडीक जमिनीचाच आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूचा, नांगराला निरुपयोगी असा पट्टा असे. त्याला तिथे लिंक्स म्हणत आणि त्यावर मेंढ्या चरत. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान कोणी एका माणसाने रचलेले नाही; वारा, मेंढ्या आणि कित्येक पिढ्यांचे खेळाडू यांनी ते घडवले. तिथली फेरी पूर्वी 22 होलची होती. 1764 मध्ये काही आखूड होल एकत्र करून ती 18 ची केली गेली आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. 18 हा आकडा एका जागेच्या सोयीतून आला आहे, तेव्हा तुमच्या जमिनीला सहाच होल पेलत असतील तर सहाच आखावेत, त्यात काही उणे नाही.

जमीन निवडताना गायरानाकडे पाहू नये. ते गावाच्या गुरांचे आहे. काळ्या कसदार रानाकडेही वळू नये. एक तर ते पिकाचे आहे, आणि दुसरे म्हणजे काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, त्यामुळे तिच्यावर केलेली कोणतीही सपाटी वर्षभर टिकत नाही. मुरमाड, हलक्या उताराची आणि दोन-चार बाभळी-बोरी असलेली बरड जमीन सर्वांत योग्य. पूर्ण लांबीच्या 18 होलसाठी साधारण 120 ते 180 एकर लागतात. 90 ते 170 मीटर लांबीचे सहा होल मात्र 12 ते 15 एकरांत बसतात.

यानंतर पाण्याचा हिशेब करावा, आणि तो प्रामाणिकपणे करावा, कारण मराठवाड्यात मैदानाचा आकार शेवटी पाणीच ठरवते. मोठ्या मैदानावर 30 हेक्टर हिरवळ ठेवून तिला रोज 5 मिलिमीटर पाणी दिले, तर दिवसाला 15 लाख लिटर लागतात, म्हणजे 10 हजार लिटरचे दीडशे टँकर. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात असा खर्च करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याउलट 300 चौरस मीटरची एक ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, त्याच मापाने दिवसाला 1500 लिटर मागते. सहा ग्रीनना 9 हजार लिटर होतात. शेततळे पावसाच्या पाण्याने भरलेले असेल तर हिवाळाभर एवढे जमते. मार्चनंतर तेही थांबवावे आणि टी आणि ग्रीन यांच्या मधला गवताचा पट्टा, म्हणजे फेअरवे, तर बाराही महिने पावसाच्या भरवशावर सोडावा. उन्हाळ्यात तो पिवळा पडतो. कोरड्या, टणक जमिनीवर चेंडू लांब घरंगळतो आणि तो खेळही चांगलाच असतो.

हे शक्य होते ते हरळीमुळे. जगातल्या उष्ण प्रदेशांतील मैदानांवर बर्म्युडा नावाचे जे गवत लावतात, ते म्हणजे आपली हरळीच. टिफड्वार्फसारख्या ग्रीनच्या नामांकित जाती तिच्याच संकरातून निघाल्या आहेत. आपण शेतातून ती खणून बांधावर फेकतो आणि गणपतीला तिच्याच जुड्या वाहतो. तिच्या मुळ्या खोल जातात, पाणी तुटले की ती वाळल्यासारखी दिसते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. बांधावरची हरळी मुळांसकट आणून, तिचे बोटभर तुकडे करून मृगाच्या पावसावर लावावेत. देशी हरळी 8 ते 10 मिलिमीटरपेक्षा खाली कापू नये.

आता प्रत्यक्ष आखणी. जमीन निदान दोनदा पायी पाहावी, एकदा मोठ्या पावसात आणि एकदा एप्रिलमध्ये. पावसात पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठे माती कापते, हे डोळ्यांनी दिसते आणि त्या प्रत्येक जागी खुंटी रोवून ठेवता येते. मी पहिली ग्रीन ऑक्टोबरमध्ये जागा पाहून एका सुरेख खोलगटात केली होती. पुढच्या जूनमध्ये दोन दिवसांत तिच्यावर गाळाचा थर बसला आणि ती सगळी उचलावी लागली. समपातळी रेषा काढण्यासाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी किंवा पाणलोटाच्या कामात वापरतात ती ए-फ्रेम पुरते.

रेषा हाती आल्यावर प्रथम ग्रीनच्या जागा शोधाव्यात, मग टीच्या, आणि सर्वांत शेवटी त्यांना जोडणारी वाट. टेकाडाचा खांदा, उतारावरची नैसर्गिक पायरी, ओढ्याच्या काठावरचा उंचवटा अशा जागा ग्रीनसाठी उत्तम, कारण पाणी तिथे थांबत नाही आणि लांबून त्या दिसतातही. वाट आखताना पहिला होल पूर्वेकडे तोंड करून ठेवू नये, कारण सकाळचे ऊन डोळ्यांवर येते. त्याच कारणाने शेवटचा पश्चिमेकडे नको. लागोपाठचे होल वेगवेगळ्या दिशांना वळवावेत, म्हणजे पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा कधी समोरून, कधी पाठीमागून, कधी आडवा लागतो. दोन शेजारच्या होलच्या मध्यरेषांत, आणि मध्यरेषा व हद्द यांतही, किमान 60 मीटर अंतर सोडावे. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटतो. म्हणून हद्दीलगतचे होल प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवावेत, म्हणजे हद्द डावीकडे राहते आणि चुकलेला चेंडू शेजाऱ्याच्या तुरीत किंवा रस्त्यावर न जाता मैदानातच पडतो. ही काळजी सुरक्षेची आहे, तिच्यात तडजोड करू नये.

होल चांगला कशाने होतो, हा या कलेचा गाभा आहे. जुन्या विचाराप्रमाणे प्रत्येक चुकलेल्या फटक्याला शिक्षा देणारे अडथळे दोन्ही बाजूंना रचले जात. सेंट अँड्र्यूजने दुसरी वाट दाखवली. तिथे मोकळी जागा भरपूर आहे, पण पुढचा फटका सोपा व्हावा असे वाटत असेल तर धोक्याच्या जवळून जावे लागते. भित्र्यालाही वाट मिळते, फक्त ती लांबची असते. स्कॉटलंडमधल्याच नॉर्थ बर्विक मैदानाचा 15 वा होल, रेडान, हे त्याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आहे. क्रिमियन युद्धातल्या एका तटबंदीवरून त्याला हे नाव पडले. त्याची ग्रीन तिरपी आहे, समोर उजवीकडे उंच आणि मागे डावीकडे उतरती, आणि डाव्या अंगाला खोल बंकर, म्हणजे अडथळा म्हणून ठेवलेला वाळूचा खड्डा. सरळ झेंड्यावर, म्हणजे खड्ड्यात रोवलेल्या खुणेवर, मारले तर बंकर ओलांडावा लागतो. उजव्या खांद्यावर चेंडू टाकला तर तो जमिनीच्या उतारानेच झेंड्याकडे वळतो. बालाघाटच्या पायथ्याला असा तिरपा उतार शेकड्याने सापडतो, त्यासाठी मशीन आणावी लागत नाही.

ग्रीनचा उतार दर 10 मीटरला 15 ते 30 सेंटिमीटर ठेवावा आणि पाणी दोन बाजूंनी वाहून जाईल असे पाहावे. अमेरिकेत 1960 पासून रूढ झालेल्या पद्धतीत खाली 10 सेंटिमीटर खडी आणि वर 30 सेंटिमीटर वाळूप्रधान थर देतात. मुरमाड जमिनीवर लहान मैदानासाठी एवढे करण्याची गरज मला पडली नाही. मुरूम मोकळा करून त्यावर 15 सेंटिमीटर कच व कुजलेले शेणखत घातले. गोदावरीची वाळू यासाठी मुळीच वापरू नये, नदी आधीच पुरेशी उपसली गेली आहे. खडीक्रशरची चाळलेली कच पुरते.

पाणी अगदीच नसेल तर हिरवळीचा हट्ट सोडून ब्राऊन करावी, म्हणजे वाळूची सपाट गोल जागा. भारतातल्या कोरड्या भागांत ही जुनी रीत आहे, आणि मैदाने रचणारे डोनाल्ड रॉस यांच्या पाइनहर्स्ट क्रमांक 2 या अमेरिकेतल्या विख्यात मैदानावरही 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूच्याच ग्रीन होत्या. वाळू उडू नये म्हणून तिच्यात जळके ऑइल मिसळत असत. ते विहिरीच्या पाण्यात उतरते, म्हणून करू नये. सात-आठ मीटर त्रिज्येत बारीक कच पसरून, सकाळी हलके शिंपण करून रोलर फिरवावा. खड्डा 108 मिलिमीटर व्यासाचा आणि किमान 10 सेंटिमीटर खोल असावा.

बंकर मात्र सर्वांत शेवटी, वर्षभर खेळून झाल्यावर खणावेत. तोवर ओढा, जुना बांध, बाभळीचे झाड, पाणलोटाचे सलग समतल चर हेच अडथळे म्हणून पुरतात. पुढे मैदानांचे रचनाकार झालेले ॲलिस्टर मॅकेन्झी हे डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात होते. बोअर सैनिकांचे खंदक जमिनीत इतके मिसळलेले असत की समोरून दिसत नसत, हे त्यांनी तिथे पाहिले आणि पुढे मैदाने रचताना तेच तत्त्व वापरले. हाताने केलेला उंचवटा निसर्गाने केलेल्यापासून वेगळा ओळखू येऊ नये. म्हणून बंकरची कड कंपासने काढल्यासारखी गोल नको. शेजारच्या घळीची वेडीवाकडी कड पाहून तशी काढावी. वर्षभरात चेंडू कुठे जमतात तिथे गवत झिजलेले दिसते. त्या झिजलेल्या जागेत बंकर खणू नये. तिच्या पुढे, ग्रीनकडे सर्वांत सोयीची वाट जिथून उघडते त्या जागेच्या काठाशी एक खणावा, त्याच्या तळातून चारी काढून पाणी ओढ्याकडे न्यावे, आणि दुसरा खणण्याआधी आणखी एक पावसाळा जाऊ द्यावा.