मायचा फोन चुकायचा, त्यावर केलेला उपाय

मी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकतो, घर दारव्ह्याजवळच्या खेड्यात. क्लास सुटला की साडेचारला फोन करायचो, तेव्हा घरी रात्रीचे आठ. ऑक्टोबर संपता संपता माय फोन उचलेनाच. दोन दिवस जीव टांगणीला. शेवटी बाबांनी उचलला, "झोपली ते. दिवसभर कापूस येचून थकते."

कारण नंतर कळलं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणजे जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. माझे साडेचार म्हणजे मायचे नऊ झाले होते, आणि वेचणीच्या दिवसांत नऊला आमचं गाव निजलेलं असतं.

मग वेळच बदलली. इथे सकाळी ९ वाजता फोन, म्हणजे तिकडे हिवाळ्यात दीड, उन्हाळ्यात साडेबारा. दोन्ही वेळा माय धुऱ्यावर शिदोरी सोडून बसलेली असते. वावरात रेंज कमी, म्हणून व्हिडिओ नाही, साधा कॉल. प्राग, व्हिएन्नाला गेलो तरी हीच वेळ चालते. लिस्बनचं घड्याळ मात्र आणखी तासभर मागे, तिथून ८ लाच लावला.

"जेवला का रे बापू?" हे आता रोज ऐकू येतं.