मांजर, मेथी आणि पऱ्हाट्या

परभणीत आमच्या अंगणात मेथीचा एक वाफा आहे. शेजारच्या काकूंच्या मांजरीनं त्याचा संडास केला होता. भुसभुशीत माती दिसली की मांजर उकरणारच, त्यात तिचा काय दोष? पण निवडायला घेतलेल्या मेथीला वास येऊ लागला तसा माझा संयम सुटला.

कुणी म्हणालं डांबरगोळ्या टाक. त्या मांजराला विषारी असतात, म्हणून तो विषय तिथंच सोडला. मिरचीपूडही नको वाटली. डोळ्यांत गेली तर जीव कासावीस होतो. शेवटी शेतातून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या, आणल्या आणि वाफ्यावर आडव्या-उभ्या दाट पसरल्या. उकरायला जागाच उरली नाही. मेथी मात्र फटींतून मजेत वर आली.

मग काकूंकडे गेले. भांडायला नाही, वाटीभर मेथीची भाजी घेऊन. "अगं, मांजराला काय दावं बांधायचं का?" म्हणाल्या. म्हटलं, दावं नको, मागच्या पडवीत घमेलंभर वाळू ठेवा, रोज घाण तेवढी काढा. दुसरं जरा चाचरत बोलले: मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत पिल्लं. काकूंना आधीची पाच पिल्लं वाटताना झालेली दमछाक आठवली असावी. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नसबंदी आणि रेबीजची लस, दोन्हीची चौकशी त्यांनीच केली.

आता मांजर भिंतीवर बसून मला पाणी घालताना बघते. पऱ्हाट्या अजून काढलेल्या नाहीत.