पाळोळे ते बटरफ्लाय बीच: गटाने कयाक नेताना खडपाचं टोक कसं वळावं

काणकोणातल्या पाळोळ्याहून उत्तरेला वल्हवत बटरफ्लाय बीच गाठायचा, थोडं थांबायचं आणि ऊन तापायच्या आत परत यायचं, ही गोव्यातली नवख्या गटाला झेपणारी सहल आहे. दरवर्षी हिवाळ्यात मित्रांना घेऊन मी ती करतो. पाणी, टोपी, सुका खाऊ, वॉटरप्रूफ पिशवीतला फोन हे तुम्ही आणणारच आहात, त्यावर शब्द घालवत नाही. मला बोलायचंय ते वाटेतल्या खडपाच्या, म्हणजे समुद्रात शिरलेल्या खडकाळ किनाऱ्याच्या, टोकाबद्दल. गट तिथेच फुटतो, आणि नेमका तिथलाच सल्ला लोक चुकीचा देतात.

दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारचा वारा जोर धरतो, आणि जून ते सप्टेंबर या समुद्रात कयाक घालायचीच नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण टाळा. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं, खडक अचानक वर येत नाहीत की झाकले जात नाहीत. कोकणातला जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अंदाजाला हे ठीक आहे, पण गोव्यात भरती त्याआधीच येते, म्हणून निघताना मुरगाव बंदराचं कोष्टक बघाच.

लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोज देते. लोक त्यात फक्त लाटेची उंची बघतात. तेवढं पुरत नाही. दोन लाटांमध्ये किती सेकंदांचं अंतर आहे तेही बघा. सहा-सात सेकंदांवर येणारी लाट जवळच्या वाऱ्याची असते, लहान आणि खळखळती. बारा-चौदा सेकंदांवर येणारी लाट दूरच्या समुद्रातल्या वादळातून आलेली असते. उघड्या पाण्यात ती जाणवतही नाही, कयाक हळूच वर जाते आणि खाली येते. तीच लाट खडकाला भिडली की तोफेसारखी फुटते. वारा नाही, पाणी आरशासारखं आहे, आणि अंदाजात चौदा सेकंद लिहिलेत, अशा दिवशी मी गट टोकापलीकडे नेत नाही.

पाण्यात सकाळी सातला उतरा. तेव्हा जमिनीकडून मतलई वारा असतो आणि समुद्र शांत असतो. अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारी वायव्येकडून जोरात येतो. म्हणून जाताना उत्तर, येताना दक्षिण. परतीला वारा पाठीशी मिळतो. उलट बेत करणाऱ्यांची दुपार तोंडावरच्या वाऱ्याशी झगडण्यात जाते.

कयाक आणि माणसं

पाळोळ्यात वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाक भाड्याने मिळतात. घेताना दोघांनी उचलून हलवा. आत पाण्याचा आवाज आला तर ती नको म्हणा. मागचं बूच घट्ट आहे का ते स्वतः बोटाने फिरवून बघा. बुचातून हळूहळू पाणी भरलं की कयाक जड होते, डोलायला लागते, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.

लाईफ जॅकेटचे पट्टे आवळा आणि खांद्यांना धरून दुसऱ्याकडून वर ओढून घ्या. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे. एका अनुभवी माणसामागे पाच-सहाजण, त्याहून जास्त नाहीत. पोहता न येणाऱ्याने पाळोळ्याच्या उत्तर टोकाला खाडीच्या तोंडाशी, तिथल्या बेटाच्या अलीकडे हवं तेवढं वल्हवावं, पण टोकापलीकडे येऊ नये. जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, शांत ठेवत नाही. दोन नवखे एका कयाकमध्ये बसवू नका, मग ते नवराबायको असले आणि रुसले तरी.

खुणा किनाऱ्यावरच ठरवा: वल्हं डोक्यावर आडवं म्हणजे थांबा, उभं म्हणजे या, तीन शिट्ट्या म्हणजे मदत. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला सांगून निघा.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर दोरखंडाच्या बाहेरून वळसा घाला, मधून जाऊ नका. बाकी उपसागरातून बाहेर पडण्यात अवघड काही नाही.

टोक वळताना

"किनाऱ्याला धरून चाला, म्हणजे काही झालं तरी जमीन जवळ असते." हा सल्ला मी शेकडो वेळा ऐकलाय. वाळूच्या किनाऱ्याला तो ठीक असेल, खडपाच्या किनाऱ्याला तो धोक्याचा आहे. टोकाजवळ लाटा वळतात आणि तिथेच एकवटतात, म्हणून उपसागरात गुडघाभर दिसणारी लाट टोकाशी मोठी होते. शिवाय खडकावर आपटलेली लाट परत फिरते. येणारी आणि परतणारी एकमेकींना भेटतात तिथे पाणी उभं राहतं, आणि अर्ध्या मीटरच्या दोन लाटांचं शिखर मीटरभर होतं. त्याला दिशा नसते. कयाक डावीकडून उचलली जाते न जाते तोच उजवीकडून ढकलली जाते.

मीही तो सल्ला पाळलाय. काही वर्षांपूर्वी, एका जानेवारीत, खडकावरची कालवं दाखवायला म्हणून मी गट खडपापासून दहा-बारा मीटरवर नेला. मागची दोघांची कयाक एका परतलाटेने उचलली. मित्राने वल्हं मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी कड धरली आणि पुढच्याच क्षणी दोघं पाण्यात होते. ते बुडणार नव्हते, जॅकेटं होती. पण पुढची लाट त्यांना कयाकसकट खडपाकडे घेऊन गेली. कालवांची कवचं ब्लेडसारखी असतात. त्याचा गुडघा आणि तळहात सोलून निघाला. कयाक एकदा खडकावर आदळली तेव्हा मित्र तिच्या शेजारी होता. मध्ये असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. त्यांना ओढून बाहेर काढायला वीस मिनिटं लागली, आणि त्या वेळात बाकीचे चौघं वाऱ्याने तिसरीकडेच गेले होते.

तेव्हापासून मी हे असं करतो, आणि यात सूट देत नाही.

टोकाच्या शंभरेक मीटर अलीकडे सगळ्यांना थांबवतो. कयाकला कयाक लावून, एकमेकांच्या कडा धरून पूर्ण दहा मिनिटं फक्त बघायचं. मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत, झुंडीने येतात, आणि दोन झुंडींच्या मध्ये पाणी फसवं शांत असतं. अशा दोन झुंडी बघितल्याशिवाय हलायचं नाही. तेवढ्यात पाण्याखालचा खडकही कळतो: एरवी काही दिसत नाही, मोठी लाट आली की तिथे पांढरा फेस उमटतो आणि विरतो. ती जागा सगळ्यांना बोटाने दाखवतो.

मग निघायचं, खडपापासून निदान पन्नास मीटर बाहेरून. लाटा जोरात असतील तर शंभर. सगळ्यात आतल्या बाजूला, खडपाकडे, मी असतो. जाताना माझ्या उजव्या हाताला कोणीही यायचं नाही, एवढा एकच नियम मी तीनदा सांगतो. सगळ्यात मागे दुसरा अनुभवी माणूस, आणि वेग सर्वांत हळू वल्हवणाऱ्याचा. दोन कयाकमध्ये दोन कयाकभर अंतर.

पाणी उभं राहायला लागलं की नवखा माणूस हमखास वल्हवायचं थांबवतो. नेमकं तेच करू नका. वल्ह्याचं पातं पाण्यात असतं तेव्हा तोच तुमचा आधार असतो. कड धरू नका, कंबर सैल सोडा, कयाकला खालून हवी तशी डोलू द्या आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा. छोटे, भराभर हात मारा. टोक पाच-सात मिनिटांत संपतं.

कोणी उलटलंच तर

आधी कयाकवर चढायचं नाही, आधी खडपापासून लांब जायचं. पाण्यातल्या माणसाने कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहायचं. कयाक आणि खडक यांच्या मध्ये कधीही नाही. दुसऱ्याने दोर लावून सगळं बाहेर ओढायचं. शांत पाण्यात आलं की कयाक सरळ करा, पलीकडची कड धरा, पाय मारत छाती वर सरकवा. पोट आडवं टेका, वळून बसा, पाय सगळ्यात शेवटी आत. पोट, बैठक, पाय. हा क्रम निघायच्या आधी पाळोळ्याच्या कंबरभर पाण्यात प्रत्येकाकडून दोनदा करून घ्या. जो तिथे चढू शकत नाही, तो टोकापलीकडे चढू शकणार नाही.

बीचवर लागणं आणि परत

बटरफ्लायला मधल्या वाळूवर लागा, कडेला खडक आहेत. एकेक करून, लाटेच्या पाठीवरून. उतरताना पुन्हा तेच: तुम्ही समुद्राकडे, कयाक किनाऱ्याकडे, नाहीतर पुढच्या लाटेत ती तुमच्याच गुडघ्यांवर येते. तिथून वाटेत डॉल्फिन दिसले तर वल्ही थांबवा आणि त्यांना जाऊ द्या, पाठलाग करू नका.

साडेदहाला निघा. येताना खडप डाव्या हाताला असतं आणि वारा, लाट दोन्ही तुम्हाला तिकडेच ढकलतात, म्हणून येताना अंतर दुप्पट ठेवा. पर्यटकांच्या मोटारबोटी याच टोकावरून वळतात, तेव्हा उपसागरात शिरण्याआधी थांबून सगळे एकत्र या.

कयाक परत देताना मागचं बूच काढून ती तिरकी करा. पेलाभर पाणी निघालं तर ठीक. बादलीभर निघालं तर देणाऱ्याला तिथेच दाखवा, उद्या सकाळी ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार आहे.