कंट्रोलर दिसतो, पण गाडी हलत नाही

कॉम्प्युटरवर रेसिंग गेम खेळायला स्वस्तातला वायरवाला कंट्रोलर आणला. विंडोजने लगेच ओळखला, गेमने मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. केबल बदलली, पोर्ट बदललं, गाडी ढिम्म.

मग विंडोजचं बटण आणि आर दाबून 'जॉय डॉट सीपीएल' (joy.cpl) टाइप केलं आणि कंट्रोलर तपासायची विंडोजची खिडकी उघडली. तिथे बटण दाबलं की लाल दिवा लागत होता, म्हणजे यंत्र ठणठणीत. घोळ भाषेचा होता, म्हणजे बटणांचे इशारे गेमपर्यंत पोचवायच्या पद्धतीचा. कंट्रोलर जुन्या डायरेक्टइनपुटमध्ये बोलत होता आणि गेमला कळत होतं फक्त एक्सइनपुट, जे २००५ साली एक्सबॉक्स ३६०च्या काळात आलं. मधलं 'मोड' बटण पाचेक सेकंद दाबून धरलं, दिवे बदलले आणि गाडी सुसाट! (खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, अर्थात.)

चार महिन्यांत डावी स्टिक बिघडली. हात न लावताही त्याच खिडकीतली फुली हळूच डावीकडे सरकायची. गेममधला डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही तो मधला भाग) वाढवून थोडे दिवस ढकलले, पण हलकं वळण घेता येईना. नवा घेताना हॉल इफेक्ट स्टिकचाच घेतला. त्यात स्टिकची जागा मोजायला घासून झिजणारा पोटेन्शियोमीटर नसतो, चुंबक असतो. वायर मात्र ठेवली. चार्जिंगची कटकट कोण करतो?