दिवाळीला भेट म्हणून घरचं उटणं देताय? मग या चुका टाळा

दर दिवाळीला माझ्याकडे घरी केलेल्या उटण्याच्या पुड्या येतात. जरीच्या बटव्यात, मातीच्या बोळक्यात, हाताने रंगवलेल्या डबीत. त्यांतली एखादीच खरोखर अंगाला लावण्याजोगी निघते. बाकीच्यांना कुबट वास येतो, काही टोचतात, काहींना नुसत्या अत्तराचा भपका असतो. साहित्याची यादी सगळ्यांची बरोबर असते, कारण ती आता कुठेही मिळते. नडते ती घाई. वाळवायला वेळ नाही, चाळायचा कंटाळा, आणि वसुबारस उद्यावर आलेली. फराळ बिघडला तर माणूस एक चकली खाऊन ताट बाजूला सारतो. उटणं मात्र आपण दुसऱ्याच्या अंगाला, त्याच्या लेकराच्या अंगाला लावायला देत असतो. म्हणून जरा कडक शब्दांत लिहिते आहे.

ओलसर साल: सगळ्यात मोठी चूक

उटणं बिघडतं ते बहुतेक वेळा संत्र्याच्या सालीने. साल वरून वाळलेली दिसते, हाताला कडकही लागते, पण आतल्या पांढऱ्या थरात ओल धरून असते. ती तशीच दळली की ती ओल मसूर डाळीच्या पिठात उतरते. मग बंद पुडीत बुरशीला आणखी काय हवं?

२०२५ ची गोष्ट. त्या वर्षी दिवाळी लवकर होती, नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला आली. माझ्या धाकट्या जावेने ठरवलं की यंदा सोसायटीत सगळ्यांना मिठाईऐवजी उटणं द्यायचं. कल्पना उत्तम होती. दसऱ्याच्या सुमाराला बाजारात नुकती आलेली हिरवट संत्री तिने आणली, साली पंख्याखाली पसरल्या आणि कोजागिरीच्या आत सगळं दळून मोकळी झाली. मी तिला म्हटलं, "अगं, साल वाकतेय अजून, थांब थोडी." ती म्हणाली, "वहिनी, मिक्सरमध्ये फिरली ना, म्हणजे वाळलीच." त्यात मधे दोनदा पाऊस पडून गेला होता. पीठ मिक्सरमधून निघालं तेव्हा कोमट होतं. ते तसंच झिपच्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरलं, वर सोनेरी दोरी बांधली आणि वसुबारसेला घरोघरी वाटलं.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला पहिला फोन आला. पिशवी उघडली तर खाली पिठाचा गोळा झालेला, त्यावर करडी लव आणि बंद पडलेल्या माठासारखा वास. मग फोन येतच राहिले. एका घरी तर आजोबांना अंधुक उजेडात दिसलंच नाही, त्यांनी ते तसंच अंगाला चोळून घेतलं. सुदैवाने त्यांना काही झालं नाही. पण ऐन अभ्यंगाच्या मुहूर्तावर ती बिचारी दारोदार जाऊन पिशव्या परत मागत होती. तिने मेहनत कमी केली नव्हती. जे उन्हाने करायचं होतं ते तिने पंख्याकडून करून घेतलं, एवढंच.

यावर माझा उपाय साधा आहे, फक्त तो दिवाळीत सुरू होत नाही. नागपुरी संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. उटण्याची साल मृग बहाराच्या संत्र्याचीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. फळ पूर्ण पिकलेलं असतं, सालीला तेल भरपूर असतं आणि बाहेर होळीनंतरचं कोरडं ऊन तयारच असतं. सालीचा आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढायचा, बोटभर पट्ट्या करायच्या आणि सुती कापडावर पसरायच्या. संध्याकाळी आत घ्यायच्या. रात्रभर गच्चीत ठेवल्या तर दवाने दिवसाचं ऊन वाया जातं.

साल वाळली की नाही ते बोटांना विचारावं. पट्टी वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. लवली, चिवटपणे वाकली, तर परत उन्हात. मोडली तरी मी लगेच विश्वास ठेवत नाही. मूठभर पट्ट्या कोरड्या काचेच्या बरणीत घालते, झाकण घट्ट लावते आणि बरणी रात्रभर तशीच ठेवते. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला जरा जरी धूसर वाफ दिसली किंवा आदल्या दिवशी मोडणारी पट्टी पुन्हा नरम लागली, तर आत ओल आहे. या परीक्षेला उतरलेली साल दिवाळीपर्यंत बरणीत खुशाल राहते.

ज्यांना हे वाचेपर्यंत ऑक्टोबर उजाडला असेल त्यांनी साल सरळ वगळावी. सालीशिवाय उटणं होतं. मायक्रोवेव्हमध्ये साल वाळवायचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. कडा करपतात, मध्यभाग ओला राहतो आणि ज्या तेलासाठी साल घालायची तेच उडून जातं.

वस्त्रगाळ न करणं

ही माझी दुसरी दुखरी नस. वाळा आणि नागरमोथा हे उटण्याचे प्राण आहेत, पण दोन्ही धाग्यांचे. वाळा म्हणजे गवताची मुळं. मिक्सरमध्ये त्यांचं पीठ होत नाही, कुसळं होतात. ती मैद्याच्या चाळणीतूनही उभी होऊन खाली जातात. चिमूटभर उटणं तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात तिरपं धरा. सोनेरी केसांसारखे बारीक तुकडे चमकताना दिसतील. तेल लावून मऊ झालेल्या अंगावर तेच चोळले की बारीक ओरखडे उठतात. ओळखीच्या एका घरी लहान मुलाच्या पाठीवर आणि मानेवर लाल रेघा उठल्या. घरच्यांनी हळदीची ॲलर्जी समजून उटणं कायमचं बंद करून टाकलं. हळदीचा काहीच दोष नव्हता. त्या पुडीतलं उरलेलं उटणं मी मलमलीच्या कापडातून गाळलं, तर कापडावर कुसळांचा चांगला बोळा जमला. ज्या कुणी ते करून दिलं होतं त्यांनी चाळणी एकदाच फिरवली असणार.

माझी पद्धत अशी. वाळा कात्रीने अगदी बारीक कापायचा, नाहीतर तो मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो. नागरमोथ्याच्या गाठी आधी खलबत्त्यात ठेचायच्या. त्या अख्ख्या टाकल्या तर भांड्याची पाती जातात. मग प्रत्येक जिन्नस वेगवेगळा दळायचा, कारण कपूरकाचरी, म्हणजे सुगंधी कंदाच्या वाळक्या चकत्या, चटकन बारीक होते आणि नागरमोथा वेळ घेतो. एकत्र दळलं तर एक जळतो आणि दुसरा भरडच राहतो. मिक्सर थोडा फिरवून थांबवायचा आणि भांडं हाताला गरम लागलं की झाकण उघडून निवू द्यायचं. सुगंध म्हणजे उडून जाणारं तेल. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला की लोक खूश होतात, पण तो वास पुडीतून वजा झालेला असतो.

शेवटी पातळ मलमलीचा किंवा जुन्या धुवट सुती साडीचा तुकडा पातेल्याच्या तोंडाला सैल बांधायचा, त्यावर थोडं थोडं पीठ घालून बोटांनी हलकेच फिरवायचं. जोराने घासलं की कुसळं कापडातूनही घुसतात. याला वेळ लागतो, खांदे भरून येतात आणि वर उरलेला चोथा पाहून जीव हळहळतो. तो टाकू नये. पुरचुंडी बांधून कपड्यांच्या कपाटात ठेवावा. वाळ्याचा वास बरेच दिवस राहतो.

हे करायचं नसेल तर वाळा घालू नका, किंवा काष्ठौषधींच्या भरवशाच्या दुकानातून वस्त्रगाळ चूर्ण आणा. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो भरड पीठ 'स्क्रबसारखं छान लागतं' असं सांगून खपवण्यात.

बावची

अलीकडे उटण्याच्या याद्यांत बावची शिरली आहे, 'त्वचेसाठी उत्तम' म्हणून. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळे डाग पडतात. याच गुणामुळे कोडाच्या उपचारात ती वैद्याच्या देखरेखीखाली वापरतात. औषध म्हणून तिची जागा मोठी आहे. पण पहाटे अंघोळ करून दिवसभर उन्हात देवदर्शनाला आणि फराळाला हिंडणाऱ्या माणसाच्या अंगाला ती लावायची नाही. कुणाला काय सोसतं हे आपल्याला माहीत नसताना भेटीच्या पुडीत तर मुळीच नाही.

कापराचंही थोडं तसंच. मोठ्यांना तो सुखावतो, पण तान्ह्या बाळांना धोक्याचा असतो, आणि पुडी कुणाच्या घरी बाळापर्यंत जाईल हे आपल्या हातात नसतं. मी घालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

आंबेहळद म्हणून साधी हळद खपवली जाते. वास घ्या. आंबेहळदीला कैरीचा वास येतो आणि तिचा रंग फिका असतो. साध्या हळदीने अंग आणि टॉवेल दोन्ही पिवळे होतात, मग भेट देणाऱ्याचं नाव निघतं.

स्वस्त चंदन पावडर घेऊ नका. चंदनाचा वास असतो तो झाडाच्या गाभ्याला, आणि तो गाभा तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात. मूठभर पैशांत पाव किलो मिळतो तो बहुधा अत्तर मारलेला भुसा. मी उटण्यात चंदन घालतच नाही. त्या पहाटे सहाणेवर खोड उगाळते आणि ओल्या उटण्यात मिसळते. रक्तचंदनाला तर चंदनाचा वासच नसतो. ते रंगासाठी.

पुष्पगुच्छातले लांब दांड्याचे गुलाब वाळवू नका. वास नसतो आणि फवारणी भरपूर असते. देशी गुलाबाच्या पाकळ्या सावलीत वाळवा, उन्हात त्या काळ्या पडतात.

वास कमी वाटला म्हणून अत्तर किंवा सुगंधी तेल ओतू नका. पिठाच्या गुठळ्या होतात आणि कुणाच्या कातडीला ते झोंबेल याचा नेम नसतो. वास कमी येतो कारण कपूरकाचरी जुनी आहे. नवी आणा.

डाळ धुऊन दळायची असेल तर ती पुन्हा खडखडीत वाळवावी लागते. मी फडक्याने पुसून घेते.

जाळीच्या बटव्यात नुसतं उटणं भरू नका. चार दिवसांत वास निघून जातो आणि हवेतली ओल आत येते. काचेची छोटी बरणी सगळ्यात चांगली. बटवा हवाच असेल तर आत बटर पेपरची घट्ट पुडी करा. आणि भरण्याआधी पीठ कागदावर पसरून पूर्ण निवू द्या. जावेच्या पिशव्यांना घाम फुटला तो यामुळेही.

माझं प्रमाण आणि देण्याची रीत

पाव किलो मसूर डाळीच्या पिठाला मी ५० ग्रॅम संत्र्याची साल, ५० ग्रॅम नागरमोथा आणि आंबेहळद, कपूरकाचरी, गव्हला (हे एक सुगंधी बी), गुलाबपाकळी प्रत्येकी २५ ग्रॅम घेते, वर १५-२० ग्रॅम वाळा. ही वजनं वस्त्रगाळ झाल्यानंतरची आहेत. आधीची धरलीत तर वाळा नावालाच उरेल.

भेट देताना मात्र मी डाळीचं पीठ घालतच नाही. नुसतं सुगंधी चूर्ण देते आणि चिठ्ठीवर लिहिते, 'एक चमचा चूर्ण, चार चमचे मसूर पीठ किंवा बेसन, दुधात किंवा पाण्यात कालवा.' उटण्याला लवकर कीड लागते ती पिठामुळे, आणि ताजं पीठ प्रत्येक घरात असतं. काही जण नाक मुरडतात, की हे काय, अर्धवटच दिलं. मुरडू देत. तेच चूर्ण तुळशीच्या लग्नापर्यंत वासाला तसंच राहतं.

चिठ्ठीवर प्रत्येक जिन्नस लिहा, दळल्याचा महिना लिहा. 'आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, खाज आली तर वापरू नका' हेही लिहा. 'ओला चमचा घालू नका' हे तर मोठ्या अक्षरात, कारण पहाटेच्या गडबडीत तेलाचाच हात बरणीत जातो. तान्हं बाळ असलेल्या घरी मी उटणं देतच नाही. तिथे खोबरेल तेलाची बाटली आणि चकल्या जातात.

दळायची वेळ मी कोजागिरीनंतरची धरते. तोवर पाऊस परतलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन बरंच तापतं. दिवाळी नोव्हेंबरात असली, जशी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होती, तर हाताशी आणखी वेळ असतो. लवकर आली आणि पाऊस लांबला, तर मी त्या वर्षी कमी घरांना देते.